जाड पोरांना आधी पळवायचं बंद करा

मा. संपादक,

मी शाळेत पी.टी. शिकवतो, २० वर्षं होत आली. आधीच कबूल करून टाकतो की त्यातली निम्मी वर्षं मी चुकीचं वागलोय. वर्गात एखादा जाड मुलगा असला की त्याला मी मुद्दाम एक राउंड जास्त मारायला लावायचो, वाटायचं त्याचं भलंच करतोय. तो सगळ्यांच्या मागे पडायचा, आधी पोचलेली पोरं लाइनवर बसून खिदळायची आणि हा धापा टाकत येताना एका हाताने टीशर्ट पोटापासून सारखा पुढे ओढत असायचा. पोटाला कापड चिकटलेलं दिसू नये म्हणून. पुढच्या तासाला त्याचं डोकं दुखायचं, त्याच्या पुढच्या तासाला पोट, मग घरून चिठ्ठीच यायची. म्हणजे ज्याला मैदानाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच मी हाकलला आणि वर स्टाफरूममधे सांगायचो, आळशी आहे हो.

वजन जास्त असलेल्या मुलाला पळणं म्हणजे काय असतं ते आपल्याला कळत नाही. मांड्या घासून सोलवटतात, गुडघे बोलायला लागतात, आणि हे सगळं चारचौघांसमोर. मला कळलं तेही अपघातानेच. एकदा मैदानावरच्या जाड गाद्या आत न्यायच्या होत्या, दोन-दोन पोरांना एक उचलेना आणि ह्याने एकट्याने खांद्यावर टाकली आणि नेली की आत. सगळे गप्प. मग मी त्याला गोळाफेक दिली, मेडिसिन बॉल दिला, रस्सीखेचमधे सगळ्यात मागे उभा केला आणि चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या. वजन उचललं की उंची खुंटते असं पालक अजून म्हणतात, तसं काही नसतं, शिकवणारा माणूस समोर पाहिजे आणि हळूहळू वाढवायला पाहिजे एवढंच. जागतिक आरोग्य संघटना पण ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं मजबूत करणारा व्यायाम पण सांगते. ६० मिनिटं सलग कुठे म्हटलंय, दहा-दहा मिनिटं करा. पोहणं, सायकल, नाच, काहीही चालतं.

आणि व्यायामाने काटा फारसा हलत नाही म्हणून सोडून देऊ नका. वजन तेवढंच राहिलं तरी दम वाढतो, बीपी सुधारतं, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन नीट काम करायला लागतं. शिवाय उंची वाढायचं वय आहे, वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली तरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, खाली येतो. म्हणूनच या वयात बीएमआय मोठ्यांच्या तक्त्यात बघत नाहीत, वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळा तक्ता असतो. आणि आपण मात्र दर रविवारी पोराला काट्यावर उभं करतो.

खाण्याचं सांगायला मी डॉक्टर नाही पण एक दिसतं ते सांगतो. घरात एकट्या पोराला डाएट लावतात. त्याच्या ताटात उकडलेल्या भाज्या आणि बाकीचे टीव्हीसमोर चिप्सचं पाकीट फोडून बसलेत, तो काय करणार, रात्री चोरून खाणार. पाकीट घरातच आणू नका ना, सगळ्यांनाच चालेल. सुरुवात करायची तर कोल्डड्रिंकपासून करा, ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमधे साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आठ-नऊ चमचे झाले, आणि पोट काही भरत नाही. झोपेचं पण बघा, १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागते आणि मोबाइल उशाशी असला की होत नाही.

अजून एक, लाइनमधे मागून बघताना मला माना दिसतात. काहींच्या मानेवर काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा असतो. आया तो साबण लावून लावून घासतात, पोराची मान लाल होते पण तो जात नाही कारण तो मळ नाहीच, बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. डॉक्टरांना दाखवा. तसंच जाड मूल लंगडायला लागलं, गुडघा नाहीतर जांघ दुखते म्हणालं तर वजनामुळे होतं म्हणून सोडू नका, खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं आणि दुखणं गुडघ्यात जाणवतं. हे तर ताबडतोब दाखवायचं.

आता तुमच्यापर्यंत येतो. मागच्या महिन्यात नववीतली एक मुलगी मैदानावर चक्कर येऊन खाली बसली. पाणी पाजलं, सावलीत नेलं, विचारलं तर सकाळपासून काही खाल्लेलं नाही. दप्तरात डबा तसाच्या तसा आणि वहीत एक कात्रण, १५ दिवसांत ५ किलो, शेजारी आधीचा आणि नंतरचा फोटो. कात्रण तुमच्याच पुरवणीतलं. मोठ्यांसाठी छापत असाल तर छापा, पण वर निदान ठळक अक्षरात लिहा की वाढत्या वयाच्या मुलांनी हे करायचं नाही.

— एक पी.टी. शिक्षक