मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया: मधल्या महिन्यांविषयी आधी सांगा

महोदय,

मूत्रमार्ग अरुंद झालेल्या पुरुषावर दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करावी लागते, तेव्हा पहिल्या टप्प्यानंतर रुग्णाला व घरच्यांना ती फसल्यासारखी वाटते, कारण मधल्या महिन्यांविषयी त्यांना आधी कोणी नीट सांगितलेलेच नसते. मूत्रविकार विभागात परिचारिका असताना हे मी जवळून पाहिले.

अरुंद भाग लहान असेल तर बहुधा एका शस्त्रक्रियेत भागते. परंतु लायकेन स्क्लेरोसससारख्या त्वचाविकाराने मार्ग लांबवर आकसला असेल, किंवा हायपोस्पॅडियास या जन्मजात दोषासाठी लहानपणी केलेल्या शस्त्रक्रिया अयशस्वी ठरून नुसते व्रण उरले असतील, तर नवी नळी घडवायला निरोगी त्वचाच हाताशी नसते. अशा वेळी खराब भाग काढून तिथे गालाच्या आतल्या अस्तराचे कलम बारीक टाक्यांनी पक्के बसवतात. त्याखाली रक्त साचले तर कलम धरत नाही, म्हणून वरून दाबपट्टी बांधतात. ती सोडल्यावर गुलाबी रंग दिसला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. कलम मऊ व्हायला साधारण सहा महिने द्यावे लागतात आणि मगच दुसऱ्या टप्प्यात त्याची नळी शिवता येते. स्वीडनच्या बेंग्ट जोहानसन यांनी १९५३ मध्ये टप्प्याटप्प्याने करायची शस्त्रक्रिया मांडली. पूर्वी वृषणकोशाची त्वचा वापरली जाई, तेव्हा नव्या मार्गात केस उगवून खडे आणि संसर्ग होत. गालाच्या अस्तराला केस नसतात, शिवाय ते ओलाव्याला सरावलेले असते.

मधल्या काळात लघवी शिश्नाच्या खालच्या बाजूच्या छिद्रातून होते, त्यामुळे बहुतेकांना बसूनच करावी लागते. ही गोष्ट पुरुषांच्या मनाला फार लागते. काही जण पाणी पिणे कमी करतात, बाहेर पडणे टाळतात. शरीरसंबंधांविषयी तर कोणी तोंडच उघडत नाही. कलम आकसले तर आणखी एखादी दुरुस्ती लागू शकते. धार मोकळी झाल्यावर दुसरा टप्पा नको म्हणणारेही असतात, आणि त्यांचा तो निर्णय मानला पाहिजे. मात्र या साऱ्याच्या धास्तीने वर्षानुवर्षे केवळ मार्ग रुंद करून घेत राहणे मला घातक वाटते, कारण त्यातून व्रण वाढतच जातो.

म्हणून संमतिपत्रावर सही घेण्याआधी शल्यचिकित्सकांनी छिद्र कुठे असेल हे कागदावर चित्र काढून दाखवावे, आणि रुग्णाच्या पत्नीला किंवा आईवडिलांना त्याच्या परवानगीने सोबत बसवावे, एवढी माझी विनंती आहे.

– एक निवृत्त परिचारिका