हे टोक धरा

ताई,

निरोपाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं आणि मी "ताईंबद्दल मी काय बोलणार" एवढं म्हणून खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गळा दाटून आला. गळा बरा होता. सांगायचं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी तेच सुचेना, आणि तुम्ही समोर बसून घड्याळाकडे बघत होता, कारण चारच्या औषधांची वेळ झाली होती. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण एकटीला दिलं असतं तर "हे कशाला आणि" म्हणत तुम्ही ते ड्रॉवरमध्ये टाकलं असतं, जुन्या ड्यूटी-चार्टांच्या खाली.

तुमच्या लक्षातही नसेल अशा एका दुपारबद्दल मला लिहायचं आहे.

आपल्या वॉर्डात, जिथं बरे न होणारे पेशंट शेवटचे दिवस काढतात, खिडकीजवळच्या बेडवर एक आजोबा होते. मी दर गुरुवारी सेवेला येऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचो. बातम्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त हवामान हवं असायचं. उद्या पाऊस आहे का, वारा कुठून, किती अंश. ज्या माणसाला खोलीबाहेर पडायचं नव्हतं त्याला उद्याच्या पावसाची एवढी काळजी का, हे मी कधी विचारलं नाही. सात गुरुवार असे गेले. आठव्या गुरुवारी मी पेपर घेऊन आलो तर बेड रिकामा. चादर काढलेली, रेक्झिनची गादी नुकतीच पुसलेली, आणि त्यावरचा ओला पट्टा कडेकडून वाळत चाललेला. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवायला मी त्यांचा होतो तरी कोण? हातात पेपर, हवामानाचं पान वर काढून घडी घातलेली. मी तसाच उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, पण तो ओला पट्टा पूर्ण वाळला एवढं आठवतं.

तेवढ्यात तुम्ही आलात. खांद्यावर हात ठेवला नाहीत. "सुटले बिचारे" म्हणाला नाहीत. काखेत धुतलेली चादर होती, ती झटकून उलगडलीत आणि म्हणालात, "हे टोक धरा."

मी पेपर स्टुलावर ठेवला आणि टोक धरलं. चादर वर गेली, आत हवा भरली आणि सावकाश खाली बसली. तुम्ही तुमच्या बाजूचा कोपरा गादीखाली दुमडलात, मी माझ्या बाजूचा, गबाळाच. मग तुम्ही तळहातानं मधला भाग सपाट करत म्हणालात, "सुरकुती काढा. उद्या इथं कुणाची तरी पाठ टेकणार आहे." अंगावर मांस उरलं नाही की चादरीची एक चुणीसुद्धा कातडी सोलते, बेडसोर तिथूनच सुरू होतो, हे तुम्ही आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी सुरकुत्या काढायला लागलो आणि तिथं मला रडू फुटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ओली झाली तर पुन्हा बदलावी लागेल हं."

मी रडता रडता हसलो. बस्स, एवढंच झालं. त्या दिवशी मी काम सोडायचं ठरवून घरी जाणार होतो, आणि गेलो ते पुढच्या गुरुवारी येण्यासाठी.

हे एवढंसं का लागलं, ते समजायला त्याआधीचं सांगायला हवं. त्यातलं थोडं तुम्हाला माहीत आहे, सगळं नाही.

माझी आई गेली तेव्हा तिला असह्य कळा यायच्या. कुठल्या रुग्णालयात ते लिहीत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. डॉक्टर राउंडला यायचे ते दारातच थांबायचे. एक पाय आत, एक बाहेर. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही जे चित्र आहे ते त्या दाराच्या चौकटीसकट आहे. मॉर्फिनचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "सवय लागेल." आई महिना-दीड महिन्याची सोबती आहे हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि सवय लागेल म्हणून औषध राखून ठेवणारेही तेच होते. ओरडली की थोडं द्यायचे, मग पुन्हा ओरडेपर्यंत थांबायचे.

नंतर तुमच्या प्रशिक्षणात तुम्ही फळ्यावर एक जिना काढलात. कॅन्सरच्या दुखण्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली सांगितलेला, वेदनाशामकांचा तीन पायऱ्यांचा जिना: साध्या गोळ्या, मग सौम्य ओपिऑइड (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक), मग मॉर्फिनसारखी औषधं. शक्य तोवर तोंडावाटे, आणि घड्याळाच्या काट्यावर. म्हणजे वेदनेनं पुन्हा डोकं वर काढायच्या आत पुढचा डोस. बाकीचे वहीत उतरवून घेत होते, मी वर्गाबाहेर जाऊन तोंड धुऊन आलो. 1986 ला हे छापून आलं होतं, आई त्यानंतर पंचवीस वर्षांनी गेली. पंचवीस वर्षांत त्या दारापासून बेडपर्यंतची सहा पावलं कुणाला चालवली नाहीत.

आई गेल्यावर, तुमच्याकडे येण्याआधी, मी दुसऱ्या एका ठिकाणी सेवेला जायला लागलो होतो. तिथं आजारी मुलांबरोबर खेळायचं असे. चौथ्या की पाचव्या खेपेला एक मूल फार वाईट अवस्थेत दिसलं आणि मी व्हरांड्यात येऊन रडलो. तिथल्या प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "इतकं मनाला लावून घेणारी माणसं या कामाला चालत नाहीत." त्यांचा आवाज अगदी मऊ होता, म्हणून जास्त लागलं. वर्षअखेरीला घरी प्रमाणपत्र आलं, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. दोन वर्षं मी तेच धरून बसलो होतो, की मी कच्चा आहे, हे आपलं काम नाही, आपण देणगीची पावती फाडावी आणि गप्प बसावं.

आता वाटतं, मनाला लागणं ही त्यांनी कमतरता धरली होती. तुम्ही ती धरली नाहीत, पण तिचं कौतुकही केलं नाहीत, आणि हे दुसरं जास्त अवघड होतं. या क्षेत्रात हळव्या माणसाचं कौतुक करणारे खूप भेटतात. "किती मोठं मन आहे तुमचं" ऐकलं की माणूस दोन महिने तरंगतो आणि तिसऱ्या महिन्यात दिसेनासा होतो. तुम्ही मला टोक धरायला दिलंत. रडणारा माणूसही चादर घालू शकतो, हे तुम्ही गृहीतच धरलं होतं.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत, जरी त्या वेळी मला तुमचा भयंकर राग आला होता.

चादरीच्या त्या दुपारनंतर मला जणू झपाटलंच. गुरुवारचे मंगळवार-गुरुवार झाले, मग शनिवार, मग आठवड्यातून पाच दिवस. मला वाटायचं, सापडलं! आपण जन्माला आलो ते यासाठीच. ऑफिसात आकडेमोड करताना मन वॉर्डात असायचं. घरी कुणाशी धड बोलत नव्हतो. एका संध्याकाळी मी हात धूत असताना तुम्ही शेजारच्या नळावर आलात आणि विचारलंत, "तुम्ही इथं पेशंटसाठी येता की आईसाठी?"

मी उत्तर दिलं नाही. पिशवी उचलली आणि निघालो. तीन आठवडे फिरकलो नाही. तुम्ही फोन केला नाहीत. केला असता तर मी परत आलो असतो, पण उपकार केल्यासारखा आलो असतो. त्या तीन आठवड्यांत मला कळून चुकलं की प्रत्येक बेडवर मी आईलाच झोपवत होतो, आणि आजोबांना तर मी एकदा विचारायला हवं होतं की त्यांना पावसाची एवढी काळजी का. ते त्यांचं होतं, माझ्या आईचं नव्हतं. परत आलो तेव्हा तुम्ही चार्टवरून बोट फिरवत म्हणालात, "फक्त गुरुवार." तेव्हापासून मी तुमचा "गुरुवारवाले".

लोक विचारतात, हे काम तुला कसं सापडलं. लोकांना असा एखादा क्षण हवा असतो, वीज चमकल्यासारखा. माझ्याकडे वीज नाही. मी मोडायच्या बेतात असताना कुणीतरी कामाचा अर्धा भाग माझ्या हातात दिला, आणि मी वाहवत चाललो तेव्हा त्यातला बराचसा काढून घेतला. उरलं ते माझं काम.

तुम्ही सांगितलेली सिसली सॉन्डर्सची गोष्ट मी आजही नव्या लोकांना सांगतो, पण तुमच्यासारखी जमत नाही. मी आपलं एकदा हिशेबी माणसासारखं विचारलं होतं की वर्षभरात आपला नक्की उपयोग किती झाला, ते मोजायचं कसं. त्यावर तुम्ही त्या गादीशी बसून सांगितलंत. लंडनमध्ये 1948 साली डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश निर्वासित कॅन्सरनं मरत होता, जवळचं कुणी नाही. सॉन्डर्स तेव्हा रुग्णालयात समाजसेविका होत्या. मूळच्या नर्स, पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलेलं. त्या त्याच्याशेजारी बसून बोलायच्या. जाताना त्यानं त्यांच्यासाठी पाचशे पौंड मागे ठेवले, तुमच्या घरातली मी एक खिडकी होईन म्हणाला. पुढे त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या, आणि सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं ते 1967 मध्ये. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे बरे न होणाऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या जागेची, सुरुवात तिथून मानतात. मी लगेच वजाबाकी केली, एकोणीस वर्षं. तुम्ही म्हणालात, "बघा, आधी खिडकी मिळाली. भिंती एकोणीस वर्षांनी." आणि उठून कुणाची तरी कूस बदलायला गेलात. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं की नव्हतं, यावर मी अजून विचार करतोय.

तुमच्या बाकीच्या सवयी लिहायला बसलो तर रात्र जाईल. बोलायचं असलं की तुम्ही आधी स्टूल ओढायचा, आणि तुमचे डोळे पेशंटच्या डोळ्यांच्या जरा खालीच यायचे. बेशुद्ध माणसाच्या खोलीतसुद्धा दारावर टकटक करून जायचा. मी एकदा हसलो होतो त्याला. मग 2020 साली कॅनडातल्या संशोधकांचा अभ्यास वाचला. शेवटच्या तासांत कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूतही आवाजाची नोंद होताना त्यांना दिसली होती. मोठ्या उत्साहानं तो तुम्हाला दाखवायला आणला, तर तुम्ही म्हणालात, "नसतं ऐकू येत असं कळलं असतं, तर काय न वाजवता जायचं?" या एका वाक्यावर मी कितीतरी लोकांना मनातल्या मनात नापास केलं आहे. समोरच्याला कळणार नाही, तो तक्रार करणार नाही, कुणी बघतही नाही, अशा ठिकाणी माणूस कसा वागतो ते बघायला मी तुमच्यामुळे शिकलो. आणि असं वागणारी माणसं मला वाटलं होतं त्याहून जास्त आहेत. रात्रपाळीच्या मावशी आठवा. फरशी पुसताना त्या बेडला बादलीचा धक्का लागू देत नाहीत, कारण हाडांत आजार पसरलेल्याला तेवढा हादराही कळ आणतो. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. एकदा धक्का लागला तेव्हा त्यांनी त्या माणसाचा चेहरा पाहिला होता, तेवढं पुरलं.

असो. भाषण झालं, आणि भाषण तुम्हाला चालत नाही.

तुम्ही गेल्यानंतरचा वृत्तान्त देतो. नवीन तुकडीत एक मुलगी आली आहे, तेवीस-चोवीसची. कोपऱ्यातल्या बेडवरच्या बाईंच्या कोरड्या ओठांवरून ओला स्पंज फिरवायला तिला छान जमायचं, घाई न करता, आधी सांगून. गेल्या गुरुवारी सकाळी त्या बाई गेल्या. दुपारी ती मुलगी आली आणि रिकाम्या बेडसमोर अगदी तशीच उभी राहिली. मला वाटलं, हीच वेळ. मी जवळजवळ पळतच कपाटाकडे गेलो. धुतलेल्या चादरी सगळ्यात वरच्या फळीवर, स्टूल शोधलं, चादर काढली, आणि परत येऊन बघतो तर ती निघून गेली होती.

मग मी एकट्यानंच घातली. एकट्यानं घालताना एक बाजू ओढली की दुसरी सुटते. बेडभोवती चार फेऱ्या मारल्या, तरी पायथ्याशी एक चुणी राहिलीच, ती मावशींनी येऊन काढली.

उद्या गुरुवार आहे. ती येईल की नाही सांगता येत नाही. नंबर आहे माझ्याकडे, पण मी फोन केलेला नाही.

तुमचा,
गुरुवारवाले