चूक कार्यालयाची, वसुली शिपायाकडून

मा. संपादक महोदय,

आपल्याकडे सरकारी नोकरांची निम्मी पिढी १ जूनला जन्मली आहे की काय, असे वाटावे अशी सेवापुस्तके मी पाहिली आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली ती तारीख. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी एकेका कार्यालयात निवृत्तीच्या हार-नारळांची रांग लागते आणि त्याच सुमारास कर्मचाऱ्यांच्या पगार-सेवेचे कागद पाहणाऱ्या आस्थापना शाखेतून एक पत्र निघते : 'आपणांस अतिप्रदान झालेली रक्कम सात दिवसांत चलनाने शासनखाती भरणा करावी, अन्यथा उपदानातून वसूल करण्यात येईल.' म्हणजे पगारात चुकून जादा दिलेले पैसे परत करा, नाहीतर निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या एकरकमी उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापून घेऊ. मी नोकरीभर आस्थापना शाखेतच लिपिक होतो. हे पत्र कसे तयार होते ते मला ठाऊक आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

वेतननिश्चिती, म्हणजे नव्या वेतनश्रेणीत मूळ पगार ठरवणे, कर्मचारी स्वतः करत नाही. ती लिपिक करतो, कार्यालयप्रमुख सही करतो आणि वेतन पडताळणी पथक तपासते. हे तपासणे वेळेवर झाले तर प्रश्नच उरत नाही. पण सेवापुस्तके वर्षानुवर्षे कपाटात राहतात आणि पेन्शनचे प्रकरण करायची वेळ आली की मग धावपळीने पथकाकडे जातात. तोवर चूक वाढत राहिलेली असते. माझ्या ओळखीच्या एका शिपाईबाईंचे उदाहरण देतो. सहाव्या वेतन आयोगात, म्हणजे १ जानेवारी २००६च्या निश्चितीत, त्यांना एक वेतनवाढ जादा पडली. रक्कम होती २४० रुपये. त्यावर दरमहा महागाई भत्ता आणि घरभाडे. सातव्या आयोगात जुना मूळ पगार २.५७ने गुणून नवा ठरला तेव्हा, मधल्या वाढी बाजूला ठेवल्या तरी, त्या २४०चे ६१७ झाले. त्यावर पुन्हा भत्ते. निवृत्तीच्या तोंडावर पथकाने सेवापुस्तकाच्या त्या पानावर लाल शाईत दोन ओळींचा आक्षेप लिहिला आणि बाईंच्या हाती १ लाख ४६ हजारांची मागणी आली. सोबत हिशेबाचा तक्ता नाही, कोणत्या महिन्यात किती जादा गेले याचा पत्ता नाही. बाई मुदत ठेव मोडायला निघाल्या होत्या. 'सरकारचे पैसे आहेत भाऊ, ठेवून कसे घेऊ?' हे त्यांचे शब्द.

त्यांना मी थांबवले, कारण कायदा तसे म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात अशी वसुली कधी करता येणार नाही ते स्पष्ट सांगितले आहे. गट क आणि गट ड, म्हणजे लिपिक, शिपाई अशा खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून नाही, निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून नाही, जादा रक्कम पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तरी नाही. वरच्या पदाचे काम करून घेऊन त्याचा पगार दिला असेल किंवा वसुली अगदीच अन्यायाची ठरत असेल, तरीही नाही. शिपाईबाई पहिल्या तिन्ही अटींत बसतात. केंद्राच्या कार्मिक विभागाने २ मार्च २०१६ रोजी हा निकाल सर्व मंत्रालयांना कळवलाही. २०२२च्या मे महिन्यात केरळच्या एका शिक्षकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. ते गृहस्थ १९९९ साली निवृत्त झाले होते! म्हणजे तेवीस वर्षे त्यांनी कोणाची चूक निस्तरली, याचा विचार करावा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चुकीचे वेतन पुढे दुरुस्त करायला या निकालाची आडकाठी नाही. पेन्शन योग्य वेतनावरच बसेल आणि ते बरोबरच आहे. मागचे खर्च झालेले पैसे काढून घेण्यापुरता प्रश्न आहे. आणि ज्याने खोटे प्रमाणपत्र जोडले किंवा माहिती दडवली, त्याच्याकडून पै न पै वसूल व्हावी. त्याची बाजू मी घेणार नाही.

आता वचनपत्राविषयी. प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळी कर्मचाऱ्याकडून 'जादा प्रदान झाल्याचे आढळल्यास परत करीन' असे लिहून घेतात. न लिहून देईल त्याची निश्चितीच पुढे सरकत नाही, तेव्हा ही सही किती राजीखुशीची हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली जगदेव सिंग प्रकरणात अशा लेखी हमीच्या आधारे वसुली मान्य केली, आणि तेव्हापासून कार्यालये हाच निकाल पुढे करतात. पण ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचे होते, आणि तिथेही दोन वर्षांत मासिक हप्त्यांनी वसुली करा असे न्यायालयाने सांगितले होते. दिवाणी न्यायाधीशाला जे लागू पडले ते झाडलोट करणाऱ्या बाईंना जसेच्या तसे लावायचे, हा कार्यालयीन चलाखीचा नमुना आहे.

ज्यांना असे पत्र आले आहे त्यांनी घाबरून चलन भरू नये आणि संमतीपत्रावर सही तर मुळीच करू नये. साहेब गोड बोलून 'सही केलीत की पेन्शनचे कागद लगेच पाठवतो' म्हणतात, तेव्हा विशेष सावध राहावे. महिनानिहाय तक्ता आणि पथकाचा आक्षेप लेखी मागावा. न मिळाल्यास माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात सेवापुस्तकाची प्रत मागता येते. दिलेल्या मुदतीतच लेखी उत्तर द्यावे आणि त्यावर आवक क्रमांकाची पोच घ्यावी. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १३४-अ वसुलीची तरतूद करतो हे खरे, पण कारणे दाखवण्याची वाजवी संधी द्यावी आणि हप्ते पाडता येतील हेही तोच नियम म्हणतो. कार्यालये पहिली ओळ वाचून थांबतात.

शिपाईबाईंनी असे उत्तर दिले आहे. उपदान मात्र अजून अडकलेले आहे, कारण 'वरून मार्गदर्शन मागवले आहे'. हे मार्गदर्शन आले नाही तर मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) किंवा उच्च न्यायालय, म्हणजे वकिलाची फी आणि तारखा. जो प्रश्न २०१४ साली सुटला, तो प्रत्येक शिपायाने स्वतःच्या खर्चाने पुन्हा सोडवून घ्यायचा, असा हा कारभार आहे.

वित्त विभागाला माझी विनंती अशी की, प्रत्येक वेतननिश्चितीनंतर वर्षभरात पडताळणी झालीच पाहिजे अशी मुदत घालावी आणि ती चुकल्यास जबाबदारी कार्यालयप्रमुखावर टाकावी. गट क व ड मधील निवृत्तांना वसुलीचे पत्र काढण्याआधी 'हे प्रकरण रफिक मसीह निकालात का बसत नाही' याचे सकारण टिपण नस्तीत (फाइलीत) असावे, आणि त्या टिपणाची प्रत पत्रासोबत जावी. निम्मी पत्रे तिथेच थांबतील, असा माझा आस्थापना शाखेतला अनुभव सांगतो.

आपला,
एक निवृत्त लिपिक