चार घड्या घातलेली शंभरची नोट

प्रिय बंड्या,

जय ख्रिस्त. दोन वर्षांत ना फोन ना मेसेज, चिडला असशील तर हक्क आहे तुझा. तब्येत बरी, शुगर गोळीवर आहे. पण परवा रविवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू, म्हणून रात्री साडेअकराला टाइप करत बसलोय.

चार-पाच रविवार झाले, चर्चला एक बाई येते, कामाठीपुऱ्यातली, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. कुजबुज झालीच, आता त्या बाकावर मायलेकीच असतात. पोरगी जीव तोडून गाते, सूर अगदी तुझ्यासारखा, म्हणजे नाहीच. परवा अर्पणाची थैली माझ्याकडे होती. बाईने रुमालाची गाठ सोडली, चार घड्या घातलेली शंभरची नोट काढली आणि पोरीच्या हाताने थैलीत टाकली.

नंतर वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या मागच्या खोलीत, अर्पण मोजायला बसलो तर काकांनी (कुठले ते कळलंच तुला) ती नोट दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली, म्हणाले हा पैसा प्रभूच्या घरात चालत नाही, बायबलातलं अनुवादाचं पुस्तक, अध्याय २३ वाच, आणि तिला परत देऊन टाक. आणि मी घेतली रे, गुपचूप खिशात घातली.

अनुवादात तसं आहेच, वेश्येची कमाई नवसासाठी देवाच्या घरात आणू नये, काका खोटं नाही बोलले. पण मग लूकच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाचं काय करायचं? शिमोन नावाच्या परूश्याच्या, म्हणजे कडक धर्म पाळणाऱ्याच्या, घरी त्या बाईने येशूच्या पायांना कुपीभर सुगंधी तेल लावलं, गावात ती पापी म्हणूनच माहीत, ते तेल कुठल्या पैशाचं हे येशूने विचारलं का? सुनावलं ते शिमोनाला, की तू मला पाय धुवायला पाणीसुद्धा दिलं नाहीस. आणि झोप उडाली ती यहूदामुळे. येशूला धरून देण्यासाठी घेतलेली तीस नाणी त्याने परत आणून टाकली तेव्हा मुख्य याजक म्हणाले, हे रक्ताचं मोल, भांडारात टाकायचं नाही. अरे पण दिली कुणी होती ती? त्यांनीच ना! त्या बाईच्या रुमालात शंभराची नोट कुणाच्या खिशातून आली असेल, कुठल्या तरी इज्जतदार घरातूनच ना. आणि थैलीतल्या बाकीच्या पाचशेच्या नोटा कुठून आल्या हे आम्ही कधी विचारलंय?

सगळ्यात लागलं ते वेगळंच. काकांची आजी मुक्ती मिशनची, केडगावला रमाबाईंच्या हाताखाली वाढलेली, दर ख्रिसमसला अभिमानाने सांगतात. आणि खुद्द पंडिता रमाबाई कशाने हलल्या? इंग्लंडमध्ये फुलहॅमला मठातल्या सिस्टर लोक अशाच बायकांना सांभाळतात हे बघून. का सांभाळता विचारलं तर एका सिस्टरने योहान ४ मधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू स्वतःहून बोलतो ती. १८८३ ला तिकडेच बाप्तिस्मा घेतला त्यांनी. पुढे केडगावला कृपासदन काढलं ते अशाच बायकांसाठी. काकांना हे माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, म्हणून तर पोटात तुटतं.

वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयातून बरे होऊन आलेले ते आजोबा आठवतात? तू त्यांना प्रभुभोजनाला आणलंस आणि अर्धी मंडळी सगळ्यांच्या त्या एकाच प्याल्याला हात न लावता बाकावर बसून राहिली. मी तुला म्हटलं लोकांना जरा वेळ दे. तू म्हणालास, आजोबांकडे आहे का वेळ? आणि निघून गेलास. चूक माझी होती, हे लिहायला एवढी वर्षं लागली, माफ कर. हार्मोनियमच्या भांडणात मात्र मीच बरोबर होतो आणि अजून आहे.

नोट माझ्या बायबलमध्ये ठेवलीय, लूकच्या पानांत. परत नाही देणार. रविवारी मोजताना सगळ्यांसमोर टेबलावर ठेवणार आणि रजिस्टरला लिहायला लावणार. पाय लटपटतायत, कारण बाबांच्या शेवटच्या आजारपणात याच काकांनी अकरा रात्री हॉस्पिटलात काढल्यात, एवढा मायाळू माणूस, त्यांना समोरून कसं बोलू सांग.

पोरीचं ॲडमिशन झालं का? वहिनींना सलाम, कल्याणचं घर लाभू दे.

रविवारी ये ना रे. साडेआठची उपासना आहे. त्या बाकावर जागा आहे, मी तिथेच बसणार, तूही बस. मेगाब्लॉक बघून लवकर निघ.

तुझाच