‘माझी उजवी’ लिहिणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

अमळनेरच्या आम्हा प्रेक्षकांसाठी तुम्ही विज्ञानकथा मालिकांच्या भागांना मराठी सबटायटल लिहिलीत, त्याचे आभार. त्याहून जास्त आभार तुम्ही गाळलेल्या शब्दांचे.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळमालिकेचा १० जानेवारी १९६९ चा भाग घ्या. बील हा अधिकारी, लोकाय त्याच्या लेखी फरारी राजद्रोही, आणि पाठलाग ५०,००० वर्षांचा. दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. यानाचा कॅप्टन कर्क, त्याला फरक दिसत नाही, तेव्हा बील सांगतो की आपली उजवी बाजू काळी आणि लोकायच्या सगळ्या लोकांची पांढरी. इथं ‘जात’ हा शब्द घुसडायचा मोह कुणालाही झाला असता. तुम्ही ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ यावरच थांबलात. पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. शिवाय पात्राची उजवी बाजू पडद्यावर आपल्या डावीकडे येते. नुसतं ‘उजवी’ लिहिलं तर बघणारा भलताच गाल बघतो आणि प्रसंग वाया जातो. तुम्ही ‘माझी उजवी’ लिहिलंत. शेवट मात्र खटकतोच: गुलाम ठेवणारे आणि गुलामीत पिचलेले एकाच तराजूत घालून भाग मोकळा होतो. तो तुम्ही परस्पर सुधारला नाहीत, हे बरं केलंत.

‘द ट्वायलाइट झोन’मधला मेपल स्ट्रीटचा भाग (४ मार्च १९६०) आपल्याकडे वेगळ्याच कारणानं अडतो. संध्याकाळी ६.४३ ला गल्लीतली वीज जाते आणि शेजारी शेजाऱ्यावर संशय घेऊ लागतो. पण खान्देशात लाइट जाणं ही काय बातमी? लोडशेडिंग असेल, नाहीतर डीपी जळाली असेल. भीती बसते ती फोन, गाड्या आणि सेलवरचा रेडिओही बंद पडल्यानं. ते संवाद घाईत उरकलेले आहेत; तुम्ही प्रत्येकाला स्वतंत्र ओळ दिलीत. आणि संशयित शेजारी गुडमनला घेरल्यावरचा प्रश्न अहिराणीत ठेवलात, ‘तू कोन शे?’ ओळखीच्या बोलीतला प्रश्न जास्त बोचतो. एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या वर्णद्वेषी हत्येवरच्या नाटकाची धार प्रायोजकांनी काढून घेतली, तेव्हापासून या मालिकेचे कर्ते रॉड सर्लिंग असे विषय परग्रहवासीयांच्या आडून मांडू लागले. आडोसा ठेवायचा असतो, हे तुम्ही जाणलंत.

तांत्रिक बाजूही तुमच्यामुळंच सुटली. फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपींची अक्षरं साठवण्याची पद्धत) साठवली नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन उमटतात. वेळ सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीवर लावली आणि चित्र २३.९७६ चं निघालं, तर ५० मिनिटांच्या भागात अक्षरं शेवटी दोन मिनिटं पुढं पळतात. अशा वेळी एकेक ओळ मागे ओढत बसू नये, सगळ्या वेळांना एकदम १.०४२७ नं गुणावं. एका वेळी दोनच ओळी, आणि वाचून होईपर्यंत हलवायच्या नाहीत.

‘स्टार ट्रेक’चीच पुढची मालिका ‘डीप स्पेस नाइन’, तिचा १९९६ चा संपाचा भाग तर गिरणीच्या गावातला वाटावा. क्वार्क हा फेरेंगी, म्हणजे नफ्यालाच सर्वस्व मानणाऱ्या परग्रहवासीयांपैकी. त्याच्या बारमधला कामगार रॉम कान दुखून कोसळतो, आजारपणाची रजा नाही, त्यात पगारकपात. फेरेंगी कायद्यात युनियनला बंदी आहे, म्हणून तो शब्दही दबक्या आवाजात येतो. ‘संघटना’ लिहिलं असतं तर ती दहशत गेली असती. फेरेंगी कामगाराला शोषण थांबवायचं नसतं, संधी मिळाली की स्वतः करायचं असतं, या वाक्यात तुम्ही ‘शोषण’ खोडून ‘पिळवणूक’ केलंत. साने गुरुजींनी ज्या गावात गिरणी कामगारांत काम केलं, तिथं हाच शब्द चालतो.

आता याच मालिकेतला १९९५ चा दोन भागांचा ‘पास्ट टेन्स’ राहिलाय. त्यात २०२४ च्या सॅन फ्रान्सिस्कोत बेघर आणि बेकार लोक भिंतीआड कोंडलेले आहेत. सरकारी नाव ‘सँक्चुअरी’, म्हणून आम्ही ‘आश्रयस्थान’ धरलंय. ‘कोंडवाडा’ म्हटलं की गुपित पहिल्याच मिनिटाला फुटतं. आतल्यांची वर्गवारीही आहे: काम शोधणारे ‘गिमी’, मनोरुग्ण ‘डिम’, मारामाऱ्या करणारे ‘घोस्ट’. ‘डिम’ला ‘वेडा’ फार उघड होतो आणि ‘मंद’ फार सौम्य. शब्द सुचला तर कळवा, फाइल तेवढ्यासाठी अडली आहे.

आपले,
अमळनेरचे प्रेक्षक