मॅडम, तुम्ही मला मशीन लावलं नाहीत

फिजिओथेरपिस्ट मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या दिवशी तुमच्यावर चिडूनच घरी गेलो होतो, हे आधी कबूल करतो.

एसटीत 34 वर्षं उभ्यानं काढलेला माणूस मी. त्यातली निम्मी तरी मेढा-केळघर मार्गे महाबळेश्वरच्या गाडीवर, म्हणजे उभं राहायचं तेही वळणावळणाला तोल सावरत. निवृत्तीनंतर उजवा गुडघा बोलायला लागला. एक्स-रे काढला तर 'गॅप कमी झालाय.' तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दहा दिवस मशीन लावून घेतलं. चार पॅड चिकटवायचे, मुंग्या यायच्या, वरून शेक. उठताना पाय पिसासारखा हलका, आणि आमच्या जिन्याची सातवी पायरी येईपर्यंत पुन्हा होता तिथेच. तरी मला तेच हवं होतं. पैसे दिले की नुसतं पडून राहायचं, आपण काही करायला नको!

तुम्ही टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवलीत आणि म्हणालात, "काका, मांडी घट्ट करून हा खाली दाबा. दहा आकडे मोजा, सोडा." मग सरळ पाय वीतभर उचलून धरायला लावलात. झालं. एवढ्यासाठी मी रिक्षा करून आलो?

"झीज झालीये तर आराम नको का? वंगण संपलंय म्हणतात," असं मी जरा तोऱ्यातच विचारलं होतं. तुमच्या बाहेर तीन पेशंट थांबले होते, तरी तुम्ही प्लास्टिकचा सांधा हातात घेऊन बसलात. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर व्हायला दाब पडावा लागतो आणि सुटावाही लागतो, हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. डेपोत उभ्या गाडीचं वंगण फिरत नाही, हे खरं तर मला कुणी सांगायला नको होतं. आणि मांडीचा पुढचा स्नायू दणका झेलतो म्हणालात, तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे गाडीच्या स्प्रिंगचे पाटे! पाटे बसले की दणका थेट चासीला." तुम्ही हसलात आणि पुढच्या पेशंटलाही पाट्यांचंच उदाहरण दिलंत. मी दारात बूट घालताना ऐकलं.

आता त्या तक्त्याचं. रोज व्यायाम झाला की खूण करायची होती. पहिले दोन आठवडे फरक शून्य, म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी सोडून दिलं आणि तुमच्याकडे यायच्या दिवशी सकाळी सात दिवसांच्या खुणा एका बैठकीत करून टाकल्या. तुम्ही कागद उजेडात धरलात. "काका, सातही दिवस एकच पेन, एकच तिरकी रेघ?" वर्षानुवर्षं चेकिंगला वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, चोख दाखवणारा माणूस एका पोरीच्या वयाच्या डॉक्टरसमोर पकडला गेला. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, "स्नायूत ताकद यायला सहा-आठ आठवडे लागतात. तिसऱ्याला सोडणारे सगळेच सांगतात, उपयोग झाला नाही." कोरा तक्ता दिलात. त्या महिन्याची एकही खूण खोटी नाही, हे इथे लिहून देतो.

दुखण्याची भीती मात्र तुमच्या एका हिशोबाने गेली. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालू द्या, दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत व्हायला हवं. सूज आली तर आकडे कमी करा. काठी मी दुखऱ्या बाजूलाच धरून फिरत होतो, ती तुम्ही डाव्या हातात दिलीत. वजनाचं तर विचारूच नका. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारएक किलोने हलका होतो म्हणालात. माझे पाच उतरले, म्हणजे वीस किलोचं लगेज मी इतकी वर्षं विनातिकीट वाहत होतो! दुसऱ्या कुणाचं असतं तर सोडलं नसतं.

पायाला वजन बांधायची वेळ आली तेव्हा मी किलोभर मिठाची पुडी कापडी पिशवीत घालून घोट्याला बांधली. हिने दोन दिवस मीठ शोधलं. मग तुम्ही तुमचा वेट कफ घरी न्यायला दिलात, आणि वर सांगितलंत, "आता रोज येऊ नका, पंधरा दिवसांनी या." स्वतःचं गिऱ्हाईक असं हाताने कमी करणारं माणूस मी बाजारपेठेत पाहिलेलं नाही.

आमच्या कट्ट्यावर दोघांनी गुडघे बदलून घेतलेत आणि ते मजेत आहेत. तुम्ही ऑपरेशनला कधी नावं ठेवली नाहीत. सहा महिन्यांत जमलं नाही तर मीच चिठ्ठी देईन म्हणाला होतात. चिठ्ठी लागली नाही.

गेल्या रविवारी सज्जनगडावर गेलो. दोन वर्षं ही वर जायची आणि मी खाली गाडीतळावर चहाच्या टपरीवर. या वेळी वर गेलो, दर्शन घेतलं, प्रसादाला मांडी न घालता बाकावर बसलो. चढणं सोपं होतं. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर सगळा भार तोलत खाली सोडावा लागतो, तिथेच माझी परीक्षा. समर्थ द्वारापाशी थांबलो, खाली उरमोडीचं पाणी चमकत होतं. दुखरा पाय आधी खाली, भिंतीला हात, आणि मनात तुमचे आकडे. दुखलं, खोटं का बोलू? दहापैकी तीन. सोमवारी सकाळी एक.

मंगळवारी वेट कफ परत द्यायला येतो. बरोबर आमचे एक जुने ड्रायव्हर आहेत, डावा गुडघा. त्यांनाही मशीनच हवंय. तक्ता देताना पेनाकडे लक्ष ठेवा.

आपला,
उजवा गुडघा (निवृत्त कंडक्टर), सातारा