खिव्याच्या पुढे ‘काही नाही’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उझबेकिस्तानच्या सहलीवर पानभर लेख आला. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, सगळं नेटकं लिहिलंय, फोटोही झकास. पण शेवटाकडे एक वाक्य आहे, की खिव्याच्या पुढे नुसतं वाळवंट, तिथं पाहण्यासारखं काही नाही. ते वाचलं आणि चहा तसाच ठेवून कागद ओढला. त्या ‘काही नाही’मध्ये मागच्या एप्रिलात आम्ही तीन दिवस होतो.

मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरी पाण्याच्या पाळ्या, मोजण्या, चाऱ्यांवरची (पोटकालव्यांवरची) भांडणं आणि ‘टेलला पाणी का पोचलं नाही’ याची उत्तरं देण्यात गेली. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. इतिहासाचा माझा अभ्यास नाही. बरोबर सौ., साडू आणि मेव्हणी. चौघांत मिळून इंग्रजी बेताचं, रशियन शून्य.

खिव्यातून गाडी ठरवून सकाळी निघालो. वाटेत अमू दर्या लागली. तिकडे दर्या म्हणजे नदी, आपण समुद्राला म्हणतो. पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ. एवढा गाळ वाहणाऱ्या नदीवर कालवे चालवायचे म्हणजे दरवर्षी फावडी घेऊन उतरावंच लागत असणार, हे पुलावरच माझ्या डोक्यात आलं. पलीकडे कराकल्पाकस्तान, उझबेकिस्तानातलं स्वायत्त प्रजासत्ताक. बेरुनी नावाच्या गावात ड्रायव्हरने गॅस भरला. गावाचं नाव अल्-बिरूनी या जुन्या विद्वानावरून. इ. स. ९७३ मध्ये तो इथल्याच जुन्या काथ शहरात जन्मला आणि १०३०च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. आम्ही त्याच्या गावात वीस मिनिटं थांबलो, तीही गॅसच्या रांगेत. असो.

पुढच्या तालुक्याचं नावच एल्लिक-कला, म्हणजे पन्नास किल्ले. कला हा आपला किल्लाच. शब्द तिकडे आणि इकडे दोन्हीकडे अरबीतून आलेला. हे किल्ले प्राचीन ख्वारिज्मचे, म्हणजे अमू दर्याच्या खालच्या अंगाच्या जुन्या राज्याचे. सगळे मातीचे, दगड नावाला नाही. त्यातल्या तोप्राक-कलाचा अर्थच मातीचा किल्ला. साधारण ५०० मीटर लांब आणि ३५० मीटर रुंद असं तटबंद शहर, एका कोपऱ्यात राजवाड्याचं उंच टेकाड. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात बांधलेलं, सहाव्या शतकापर्यंत नांदलेलं. तिकीट फाडणारा नाही, दोरी नाही, फोटोवाला नाही. आमच्याशिवाय एक गुराखी आणि वारा.

माझ्या खिशात टेप असतो, जुनी खोड. पडक्या भिंतीतली एक वीट मोजली. चाळीस सेंटिमीटर चौरस, जाडी दहाच्या आसपास, कच्ची, उन्हात वाळवलेली. कडेला गवताची काडी अजून दिसत होती, आपल्याकडे गिलाव्याच्या मातीत भुसा घालतात तशी. शेजारच्या एका विटेवर ओल्या मातीत बोटाने ओढलेली खूण होती. अशा खुणा तिथं बऱ्याच विटांवर सापडल्यात म्हणे, विटा पाडणाऱ्यांच्या किंवा त्यांच्या टोळ्यांच्या. त्या खुणेच्या खोबणीत मी माझं बोट न लावता नुसतं वर धरून बघितलं. बोट बरोबर बसलं असतं.

हे शहर जगासमोर आणलं सेर्गेई तोल्स्तोव या रशियन संशोधकाच्या मोहिमेने. १९३७ पासून त्यांनी हा मुलूख पालथा घातला. वाड्यात राजांचे मातीचे पुतळे, रंगवलेल्या भिंती, चामड्यावर आणि लाकडावर लिहिलेले हिशेब मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी विमानातून पाहणी केली, तेव्हा वाळूत बुजलेल्या कालव्यांच्या रेषा वरून स्वच्छ दिसल्या. संपादक महोदय, इथं माझे कान टवकारले. या भागाला पाणी देणाऱ्या जुन्या कालव्याचं नाव गावखोरे! आमच्या कृष्णा खोऱ्यातल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल? खरा अर्थ तिकडच्या लोकांच्या मते गुरांचं वैरण असा काहीसा आहे, पण मला खोरंच ऐकू आलं.

त्या टेकाडावरून बघितल्यावर चित्र समजतं. एका बाजूला हिरवी शेतं, दुसऱ्या बाजूला किझिलकुम वाळवंटाची वाळू, मधे किल्ल्यांची रांग. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळी टेलची गावं. वरच्या अंगाला गडबड झाली, राज्य खिळखिळं झालं, गाळ उपसायला माणसं मिळेनाशी झाली, की पहिला मरतो तो टेल. शत्रू आले असतीलही, पण तट ढासळायच्या आधी चारी कोरडी पडली असणार असं माझं मत. पुस्तकी पुरावा मागू नका, चाकरीतला अनुभव आहे.

ड्रायव्हरला मी खुणेने सांगितलं की मीही पाणी सोडणारा. तो हसून म्हणाला, ‘मीराब!’ तिकडे पाणीवाटपाच्या अधिकाऱ्याला मीराब म्हणतात. आदल्या दिवशी खिव्यात ऐकलं होतं, की तिथल्या दरबाराचा इतिहास लिहिणारे मुनिस आणि त्यांचे पुतणे आगही हे दोघे कवी हुद्द्याने मीराब होते. आमच्या खात्यात कवी बरेच होते, दरबार तेवढा मिळाला नाही.

पुढच्या वाटेवर त्याने एका शेताशी गाडी थांबवली आणि टाचेने जमीन उकरली. पांढरा पापुद्रा निघाला. मीठफुटी! वाळवा-मिरजेच्या नदीकाठी उसाचं पाणी पिऊन पिऊन पांढरी पडलेली रानं मी रोज बघितलीत. सौ. म्हणाली, ‘अहो, हे तर आपल्या बांधावरचंच.’ तिकडे ऊस नाही, कापूस. सोव्हिएत काळात कापसासाठी अमू आणि सिर या दोन्ही नद्या कालव्यांत वळवल्या. त्यातल्या काराकुम कालव्याचं काम १९५४ मध्ये सुरू झालं, तो तेराशे किलोमीटरहून लांब, आणि बहुतेक लांबीत अस्तर नाही. पाझर किती असेल, विचार करा. १९६० मध्ये अरल समुद्र ६८,००० चौरस किलोमीटर होता. आज मोयनाक बंदरात गंजलेल्या बोटी वाळूवर उभ्या आहेत आणि पाणी शंभर किलोमीटरच्याही पलीकडे गेलंय. आम्ही तिथवर गेलो नाही. साडूंचं गुडघेदुखीचं निमित्त होतं, पण खरं सांगायचं तर माझंच मन झालं नाही.

संध्याकाळी अयाझ-कला. टेकडीवरचा किल्ला इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला. दुहेरी तट, मधून कमानीचा बोळ, बाण मारायच्या उभ्या फटी. खाली दुसरा, धाकटा किल्ला. शेजारी तंबूंचा मुक्काम आहे, तिथं रात्र काढली. मांसाशिवाय काय मिळेल ही आमची धास्ती. नान, काकडी-टोमॅटो, अंडी आणि बिनदुधाचा हिरवा चहा मिळाला, वर आमचं सांगलीचं भडंग आणि दाण्याची चटणी. यजमानीण बाईंनी भडंग दोनदा मागून घेतलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. उतरत्या उन्हात एका गाडीतून चौघं तरुण आले आणि फोटोसाठी थेट तटाच्या माथ्यावर चढले. माझ्यादेखत टोपलीभर ढपला सुटून खाली आला, माती होऊन. ते हसले आणि दुसऱ्या कडेने चढले. त्या कडेला पावलांनी पडलेली पन्हळ आधीच होती. पावसाळ्यात कालव्याच्या भरावावर गुरं चढली की अशीच पन्हळ पडते आणि पुढच्या पावसात तिथूनच भराव फुटतो. दगडी बुरुज माणसांचे पाय सोसतो, कच्ची वीट सोसत नाही. आपल्याकडचे लोक आता दिल्लीमार्गे ताश्कंदला भरपूर जातात, आज ना उद्या इथंही पोचतील. पोचावंच. पण पायवाटेने चढा, तटावर नको. सहलवाल्यांनी गाडीतून उतरायच्या आधी एवढं सांगितलं तरी पुरे. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत हे किल्ले आहेत, पण तिथला वारा-पाऊस यादी वाचत नाही.

आणि खापऱ्या. पायाखाली खापऱ्यांचा सडा असतो, लालसर, काहींवर बोटांच्या रेघा. साडूंनी एक हळूच खिशात घातली. मेव्हणीने तंबूत पँट झटकताना पकडली आणि सकाळी त्यांना न्याहारीआधी टेकडी चढायला लावली. गुडघेदुखी त्या दिवशी आठवली नाही.

शेवटच्या दिवशी कराकल्पाकस्तानची राजधानी नुकुस, तिच्या वाटेवर चिल्पिक बघितलं. उघड्या टेकडीवर मातीची गोल भिंत, वर आकाश. जरथुष्ट्री लोकांची दखमा, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवायची जागा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची. मुंबईत मलबार हिलवर पारशांच्या डुंगरवाडीच्या झाडीवरून आपण कितीदा गेलो असू, आत काय असतं ते परक्याला पाहता येत नाही. इथं आत उभं राहता येतं. मेव्हणीने चपला भिंतीबाहेर काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं. नुकुसच्या संग्रहालयात या उत्खननांतल्या वस्तू आहेत. ते १९६६ मध्ये उभारणारे इगोर सावित्स्की मुळात तोल्स्तोवच्या मोहिमेवर चित्रकार म्हणून आले होते.

कुणाला जायचं असेल तर एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडते. प्रत्येकी तीन लिटर पाणी, डोक्याला रुमाल, आणि खिव्यातूनच दिवसभराची गाडी. आधी दर ठरवा, मग बसा.

पुरवणीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापली तर आभारी होईन. जागा नसेल तर निदान गावखोरे हे नाव तेवढं छापा.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक
ता. वाळवा, जि. सांगली
(नाव छापू नये ही विनंती. साडू पेपर वाचतात.)